राजीनामा देण्याआधी: ठाणे-नवी मुंबईत कामाचं क्षेत्र बदलताना

क्षेत्र बदलायचं मनात आलं की बहुतेक जण आधी कोर्स शोधतात, फी भरतात आणि मग नोकरी बघायला लागतात. हा क्रम उलटा आहे. आधी नेमकी कोणती नोकरी हवी ते ठरवा, तिथे काय येणं लागतं ते बघा आणि जेवढं कमी पडतंय तेवढंच शिका.

दुसरी गोष्ट आम्ही प्रत्येकाला कळकळीने सांगतो: एका वेळी एकच बदल करा. काम तेच ठेवून क्षेत्र बदला, नाहीतर क्षेत्र तेच ठेवून काम. दोन्ही एकदम बदललंत की कंपनीच्या लेखी तुम्ही फ्रेशर, आणि पगारही त्याच हिशेबाने.

समजा, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात दहा वर्षं स्टोअर सांभाळलंय आणि आता ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा ॲनालिस्ट व्हायचंय. थेट उडी अवघड आहे. मध्ये एक पायरी घ्या: भिवंडीचं मोठं गोदाम किंवा न्हावा शेवा बंदराजवळचं कंटेनर फ्रेट स्टेशन, म्हणजे जिथे कंटेनरमधला माल भरतात-उतरवतात ते ठिकाण. जीआरएन (आलेल्या मालाची पावती), फिफो (आधी आलेला माल आधी बाहेर), सायकल काउंट (साठ्याची थोडी-थोडी, ठरावीक काळाने मोजणी) हे सगळं तिथेही लागतं. फरक एवढाच, की तिथे रोज हजारो नोंदी होतात आणि त्यांचे एमआयएस रिपोर्ट, म्हणजे व्यवस्थापनासाठी आकड्यांचे अहवाल, कोणाला तरी काढावे लागतात. ते काम मागून घ्या. वर्ष-दीड वर्षाने बायोडेटात साठ्याचा अनुभव आणि आकड्यांचं काम दोन्ही दिसतं.

कमी काय पडतंय ते जाहिरातीच सांगतात. हव्या त्या पदाच्या २० जाहिराती उघडा. वहीत प्रत्येक कौशल्याचं नाव लिहा आणि ते जितक्या जाहिरातींत येईल तितक्या रेघा मारा. एक्सेलमधलं पिव्हट टेबल (नोंदींचा गोषवारा काढायची सोय), सॅप (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), जे असेल ते. दहाच्या वर रेघा पडल्या तेच शिकायचं. एक-दोन रेघांच्या गोष्टींवर पैसे घालू नका.

मग ते काम आज करणाऱ्या तिघांशी बोला. आपल्याच कंपनीतून सोडून गेलेले जुने सहकारी यासाठी सगळ्यात चांगले. ‘काम कसं आहे?’ विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच ऐकाल. ‘काल आल्यापासून निघेपर्यंत काय काय केलंत?’ असं विचारा. दिवसातले पाच तास फोनवर जातात की स्क्रीनसमोर, हे त्यातून कळतं.

प्रवासही करून बघा, शिफ्टच्या वेळेला, दोन दिवस. ऐरोली, घणसोली, तुर्भे ट्रान्स-हार्बरवर आहेत. भिवंडीला ठाण्याहून थेट लोकल नाही. कशेळी किंवा माणकोलीमार्गे ट्रकांच्या रांगेतून जावं लागतं. रात्री शिफ्ट सुटल्यावर घरी कसं येणार, याचं उत्तर आधीच हवं.

आता पैसा. घराचा हप्ता, शाळेची फी, औषधं धरून महिन्याचा खर्च काढा आणि सहा महिन्यांची रक्कम बाजूला ठेवा. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा, नाहीतर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, जाईल. बेसिक आणि डीए मिळून ३०,००० आणि नोकरी सात वर्षं असेल, तर ३०,००० × १५ ÷ २६ × ७, म्हणजे सुमारे १,२१,००० रुपये होतात. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर) नव्या खात्यात वळवा. एकूण पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर कर लागतो. आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरायच्या आत पेन्शनची रक्कमही उचलली, तर त्या वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून. कंपनीचा आरोग्य विमाही नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस सहसा संरक्षण नसतं.

बायोडेटात पदांची जंत्री नको, केलेलं काम आकड्यांत हवं. ‘स्टोअरचे सर्व काम पाहिले’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘१,८०० वस्तूंचा साठा, दरमहा प्रत्यक्ष मोजणी, तफावतीचा अहवाल एक्सेलमध्ये’ हे गोदामाच्या मॅनेजरला लगेच कळतं. आकडे खरेच लिहा. मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यांवरच येतो.

राजीनामा ऑफर लेटर हातात आल्यावरच. नोटीस ९० दिवसांची असेल तर मुलाखतीतच सांगा, बाय-आउट, म्हणजे नोटीस पूर्ण न करता निघाल्यास द्यायचे पैसे, कोण भरणार तेही ईमेलवर लिहून घ्या. निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या तीन पगारपावत्या घ्या, फॉर्म १६ कधी मिळेल ते विचारा, आणि पीएफ खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा. ती चढली नसेल तर पैसे वळवताना अडतं, आणि सहा महिन्यांनी विचारायला जाल तेव्हा ओळखीचा एचआरही तिथे राहिलेला नसतो.