टाका शाबूत, शेजारचं लोखंड फुटलं: वेल्डिंगमधल्या या चुका टाळा

दसरा झाला की सोलापुरातल्या आमच्या वेल्डिंगच्या शेडसमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत प्रत्येकाला ट्रॉली तयार हवी असते, आणि ती आजच हवी असते. अशाच एका गर्दीत मी एक एक्सल जोडून दिला होता. टाका असा सुरेख बसला की मीच मोबाईलवर फोटो काढला. तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन, "मिस्त्री, तुमचं वेल्डिंग गेलं की ओ."

जाऊन बघतो तर वेल्डिंग जागच्या जागी. तडा त्याच्या कडेला लागून, केसासारखा बारीक गेलेला. ट्रॉली तोवर रिकामीच उभी होती, उसाचं कांडंही तिच्यात पडलं नव्हतं. रिकाम्या ट्रॉलीचा एक्सल फुटतो, तेव्हा त्याला फोडणारं बळ बाहेरचं नसतं. ते मीच आत कोंडून ठेवलेलं होतं.

हिशोब सोपा आहे. माइल्ड स्टीलची एक मीटर पट्टी १०० अंशांनी तापली की साधारण १.२ मिलिमीटर वाढते आणि गार होताना तेवढीच आकसते. तिची दोन्ही टोकं घट्ट धरून ठेवली, तर तेवढ्या १०० अंशांच्या फरकातच ताण २५० मेगापास्कलच्या आसपास जातो. साध्या लोखंडाची ताण सोसायची हद्द तीच. टाक्यातला रस तर १५०० अंशांवरून खाली येतो, आणि भोवतीचं गार लोखंड त्याला मनासारखं आकसू देत नाही. म्हणून डोळ्यांना दिसलं नाही तरी बहुतेक प्रत्येक टाका ताणलेल्या रबरासारखा बसलेला असतो. माइल्ड स्टील मऊ, ते जरा ओढलं जाऊन निभावून नेतं. एक्सलचं पोलाद ते करत नाही.

पोलाद न ओळखता रॉड लावणं

माझी पहिली चूक हीच. तो एक्सल ईएन-८ सारख्या, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा होता, त्यात कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के. मी मात्र अँगल-चॅनेल जोडावं तसं गारेगार लोखंडावर थेट काम सुरू केलं. असं पोलाद टाक्याच्या कडेला झपाट्यानं गार होतं आणि तिथं काचेसारखं कडक होऊन बसतं.

बिल किंवा सर्टिफिकेट असेल तर कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे पोलाद किती कडक होऊ शकतं त्याचा आकडा, काढा (सगळं टक्क्यांत): कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल-तांब्याची बेरीज भागिले १५. ईएन-८ चा आकडा ०.५३ च्या आसपास येतो. ०.४५ च्या वर गेलात की गरम केल्याशिवाय हात लावू नका. सर्टिफिकेट नसेल, आणि दहातल्या नऊ वेळा नसतंच, तर ग्राइंडरच्या ठिणग्या बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बन जास्त असेल तर त्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. शेजारी माइल्ड स्टीलचा तुकडा घासून बघितला की फरक लगेच कळतो.

जाड ईएन-८ साठी मी आता २०० ते २५० अंश धरतो. गॅसच्या टॉर्चनं सगळीकडून, सावकाश. तापमान मोजायचं ते ज्योतीखाली नाही. जोडापासून तीन इंच लांब, जमलं तर पलीकडच्या बाजूनं, टेंपरेचर चॉकनं, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूनं. पाण्याचा थेंब टाकून "चर्र झालं, तापलं" म्हणणारे बरेच आहेत. त्या चर्र आवाजानं फक्त १०० अंश ओलांडल्याचं कळतं, पुढचं काही नाही.

आणि जाड आहे म्हणजे दणकट आहे, त्याला काय होतंय, हा गैरसमज काढून टाका. जाड लोखंड उष्णता शोषून घेतं, त्यामुळे टाका उलट लवकर गार होतो. जाड गार प्लेटवर मारलेला चिमूटभर टॅक, म्हणजे तात्पुरता धरून ठेवणारा छोटा टाका, सगळ्यात धोक्याचा.

सोलापुरात कसली ओल?

हे वाक्य मी स्वतः म्हणायचो. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जाणाऱ्या गावात रॉड ओले कसे होतील? पण त्या वर्षी उघडं पाकीट कुठं पडलं होतं ते नंतर बघितलं: कूलरच्या बाजूच्या फळीवर. दिवसभर पाणी उडवणारी हवा त्यावरून वाहत होती.

रॉडवरच्या कोटिंगमध्ये शिरलेल्या ओलीतून हायड्रोजन निघतो आणि वितळलेल्या धातूत विरघळतो. गार झाल्यावर तो हळूहळू कडक झालेल्या पट्ट्यात सरकतो. हायड्रोजन, कडकपणा आणि ताण हे तिघं एकत्र आले की तडा पडतो. तो लगेच पडेलच असं नाही. दोन दिवसांनीही पडतो, म्हणून संध्याकाळी चकचकीत दिसलेला टाका तिसऱ्या दिवशी दगा देतो.

७०१८ हा कमी हायड्रोजनवाला रॉड वापरायचा तर ३०० ते ३५० अंशांवर दीड-दोन तास भाजा आणि नंतर गरम डब्यात ठेवून लागेल तसा काढा. मात्र हाच नियम ६०१३ ला, म्हणजे रोजच्या साध्या रॉडला, लावू नका. त्याच्या कोटिंगला थोडी ओल लागतेच. एवढं भाजलं तर तो बिघडतो.

तड्यावरच आणखी भरणं

तडा दिसला की पहिला हात रॉडकडं जातो. वरून एक जाड थर ओढला की झाकला जातो, आणि आत तडा तसाच राहतो, वर आणखी आकसण्याचा ताण. आधी तड्याची दोन्ही टोकं शोधा. लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, मग पांढरा डेव्हलपर मारा. रेघ आपोआप उमटते. टोकांना छोटी भोकं पाडा म्हणजे तडा पुढं पळत नाही. मग ग्राइंडरनं तो मुळापर्यंत काढा, पुन्हा डाय मारा, आणि मगच भरा.

जास्त भरण्याची हौसही नडते. ६ मिलिमीटरचा फिलेट (कोपऱ्यातला तिकोनी टाका) ८ चा केला तर धातू दीडपटीपेक्षा जास्त, जवळपास पावणेदोनपट लागतो, आणि आकसणंही वाढतं. लांब जोड असेल तर मधून टोकांकडं, तुकड्या-तुकड्यानं जा. टाक्याच्या शेवटी रॉड झटक्यात उचलू नका, खड्डा भरून मग उचला. ताऱ्यासारखा तडा तिथंच पडतो.

टाका संपल्यावर वरून पाण्याचा डबा ओतणाऱ्याशी मी वाद घालत नाही. त्याच्या हातातून डबा काढून घेतो.

यंत्रमागाचं बीड

इकडं यंत्रमागाचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग दुरुस्तीला येतातच. बीड ओढलं जात नाही, सरळ तुटतं. त्यासाठी निकेलचा रॉड घ्या, एका वेळी एक इंचच टाका मारा, लगेच गोल तोंडाच्या हातोडीनं हलकं ठोका, आणि हाताला सोसेल इतकं गार झाल्यावरच पुढचा इंच. नाहीतर अख्खा भाग भट्टीत तापवून जोडा आणि कोरड्या चुन्यात पुरून ठेवा. अर्धं गरम, अर्धं गार असं मधलं काम केलं की टाक्याशेजारी "टिंग" असा आवाज येतो. तो एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

ट्रॉलीच्या स्प्रिंगचे पाटे जोडायला आणले तर परत पाठवा. तिथं चर्चा नको.

साखर कारखान्यातली गोष्ट वेगळी. रस आटवायच्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांची पुटं काढायला कॉस्टिक सोडा उकळतात. माइल्ड स्टीलच्या जोडातला ताण तसाच राहिला असेल, तर गरम कॉस्टिक नेमकं तिथंच तडा पाडतं. त्यासाठी जोड ६०० ते ६५० अंशांवर, दर २५ मिलिमीटर जाडीला तासभर ठेवून सावकाश गार करावा लागतो. बॉयलरच्या प्रेशर पार्टला, म्हणजे दाब सोसणाऱ्या भागाला, तर प्रमाणित वेल्डर आणि निरीक्षकाच्या मंजुरीशिवाय हात लावायचाच नाही.

उभ्या-उभ्या फुटणं हे फक्त माझ्याच नशिबी आलेलं नाही. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला स्केनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना मधोमध दुभंगलं. निकृष्ट वेल्ड आणि थंडीत ठिसूळ होणारं पोलाद, असा मेळ होता. ती थंडी आपल्याकडं नाही, तेवढंच नशीब.

तो एक्सल भंगारात गेला. नवा बसवून दिला, मजुरी घेतली नाही. तेव्हापासून असलं काम झालं की दोन दिवस माल शेडमध्येच ठेवतो, डाय मारूनच सोडतो. तो ट्रॉलीवाला अजून येतो. ट्रॅक्टरवरून उतरायच्या आधीच विचारतो, "मिस्त्री, आज टाकली तर परवा मिळंल ना?"