आजीचा व्हिडिओ टीव्हीवर दिसेना, तेव्हा

खानापूरला मामाकडे गेलो होतो. आजीच्या पंचाहत्तरीचा ६ जीबीचा व्हिडिओ पोर्टेबल हार्डडिस्कवर होता, आणि टीव्हीला मामेभावाचा प्लेस्टेशन ४ हा गेमचा कन्सोल जोडलेला. डिस्क लावली. "दादा, काहीच दिसंना की!"

डिस्क खराब नव्हती. ती एनटीएफएस होती, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडण्याची विंडोजची नेहमीची पद्धत, आणि हा कन्सोल ती वाचत नाही. त्याला फॅट३२ किंवा एक्सफॅट लागते. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंतच बसते, म्हणून माझ्या कामाची एक्सफॅटच.

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जाणार, त्यामुळे आधी सगळं लॅपटॉपवर उतरवलं. मग डिस्कवर राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट, आणि फाइल्स परत. मीडिया प्लेयरमध्ये व्हिडिओ लगेच आला. आजी पुढे सरकून बसली.

कळकळीनं सांगतो, कन्सोलच्या सेटिंगमधलं 'एक्स्टेंडेड स्टोरेज म्हणून फॉरमॅट' दाबू नका. ते गेम ठेवण्यासाठी आहे. दाबलं की डिस्कवरचं सगळं जातं, आणि नंतर तीच डिस्क विंडोजमध्ये उघडत नाही. डिस्क काढतानाही आधी इजेक्ट करा. एक्सफॅटला एनटीएफएससारखं जर्नलिंग, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवायची सोय, नाही; मधेच वायर ओढली तर फाइल बिघडू शकते.