जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघा

बारा वर्षं मी मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवते आहे. पहिल्या दिवशी होडीला हात लावू देत नाही. आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावते, मग एकेकासमोर गुडघे टेकून बसते, जॅकेटचे दोन्ही खांदे धरते आणि सरळ वर ओढते. जॅकेट हनुवटीच्या वर, कानांशी आलं की ते काढायचं आणि दुसरं घालायचं.

ही सवय एका मुलाने लावली. आठेक वर्षांचा होता, मोठ्या भावाचं जॅकेट घालून आला होता. बकलं नीट लावलेली होती, म्हणून मी पुढे काही पाहिलं नाही. माझ्या कमरेएवढ्या पाण्यात त्याने उडी मारली आणि जॅकेट वर राहिलं, तो आतून खाली सरकला. मी दोन हातांवर होते, लगेच उचललं. पण तोंडावर आलेलं जॅकेट ढकलायला धडपडणारे ते हात अजून डोळ्यांसमोर येतात.

म्हणून पालकांना हात जोडून सांगते, मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्या, जॅकेट मात्र आजच्या अंगाचंच घ्या. वयावरून घेऊ नका. आतल्या लेबलवर वजनाची मर्यादा आणि छातीचा घेर छापलेला असतो, तो वाचा. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, आणि डोक्यामागे कॉलर आणि ओढून घ्यायला मूठ असलेली बरी. हातात घालायचे हवेचे फुगे किंवा ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे.

मोठी माणसं विचारतात, एवढंसं जॅकेट माझे ऐंशी किलो कसे पेलणार? ते पेलायचे नसतातच. शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलतं, जॅकेटने थोडा जोर द्यायचा असतो. तो जोर न्यूटनमध्ये लिहितात, १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असेल तिथे. बेशुद्ध माणसाला ते उताणं करेल असं धरून चालू नका. पोहता येत नसेल तर निदान १०० न्यूटन, तेही शांत पाण्यात. खुल्या समुद्रात १५० आणि अंगावर जड कपडे किंवा अवजारं असतील तर २७५. रंग नारिंगी किंवा झगझगीत पिवळा घ्या. निळं जॅकेट लाटांमध्ये दिसत नाही.

घालताना आधी सगळे पट्टे सैल करा. चेन लावा, मग कमरेचा पट्टा आवळा, नंतर वरचे. शेवटी उथळ पाण्यात जाऊन हातपाय सैल सोडा आणि मागे रेला. तोंड आपोआप पाण्याबाहेर राहिलं पाहिजे.

‘बाजूला ठेवलंय, लागलं तर घालीन’ म्हणणाऱ्यांना मी छातीभर पाण्यात उभं करते, पाय उचलायला सांगते आणि मग जॅकेट घालून दाखवा म्हणते. बहुतेकांना बकल सापडत नाही. थंड पाण्यात तर पहिल्या मिनिटाला श्वासच ताब्यात राहत नाही. काठावरच घाला आणि काठावर परतल्यावरच काढा.

फुगणारी जॅकेटं हलकी असतात, पण मुलांसाठी मी ती वापरत नाही. तुम्ही वापरत असाल तर दर वेळी गॅसची नळकांडी घट्ट बसली आहे का, वापरलेली तर नाही ना, हे पाहा. वरून दुसरा कोट घालू नका, आणि बंद केबिनमध्ये कधीही फुगवू नका. १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ अपहरण झालेलं इथिओपियन विमान समुद्रात उतरलं, तेव्हा अनेकांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी शिरल्यावर ते छताकडे ढकलले गेले आणि त्यांना दारापर्यंत जाता आलं नाही.

शिट्टी जॅकेटलाच बांधा. ओरडून दम जातो, शिट्टी कमी दमात दूर पोचते.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. त्यावर बसू नका, फोम दबतो. कापड फिकट झालं असेल तर शिवणीजवळ चिमटीत धरून ओढा. फाटलं किंवा आतला फोम कडक लागला तर जॅकेट बाद. टाकताना मधोमध कापून पट्टे काढून टाका, नाहीतर दुसरं कुणीतरी ते उचलून आपल्या मुलाला घालतं.