फायर डिटेक्शनच बंद पडलं तर कॉकपिटमध्ये काय करायचं

रविवारी सकाळी इंदूरला आमच्या घरी ग्राउंड क्लासची दोन मुलं आली होती, पोह्यांवर जीरावन टाकता टाकता एकाने विचारलं, काका, आगीचा दिवा लागला तर काय करायचं ते पाठ आहे, पण दिवाच बिघडलेला असेल तर? प्रश्न खरंच मोलाचा आहे म्हणून नीट लिहितोय.

आधी हे डोक्यात पक्कं करा की फॉल्ट (आग ओळखणारी यंत्रणाच बिघडली) आणि फायर (आग लागली) हे दोन वेगळे निरोप आहेत. फॉल्ट म्हणजे वॉचमन झोपलाय, चोर आलाय असं नाही, त्यामुळे नुसता फॉल्ट दिसला म्हणून फायर हँडलला (आगीत इंजिन तोडायचा दांडा, ए320 ला त्याजागी बटण असतं) हात लावायचा नाही, चालतं इंजिन उगाच बंद होईल. एअरबस ए320 ला प्रत्येक इंजिनावर ए आणि बी असे दोन लूप, म्हणजे उष्णता ओळखणारे सेन्सर, असतात, एक गेला तर दुसरा एकटा राखण करतो, दोन्ही गेले तर त्या इंजिनाची खबर देणारं कोणी उरत नाही. पण दोन्ही लूप 5 सेकंदांच्या आत तुटले तर सिस्टिम त्याला आगच समजते, कारण ज्वाळेनेच ते जळले असू शकतात, आणि तेव्हा तुम्हीही आगच समजायची.

नुसता फॉल्टच असेल तर एकाने विमान उडवायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट वाचायची, कुठलं इंजिन ते दोघांनी मोठ्याने बोलून पक्कं करायचं. त्यानंतर राखण तुमच्याकडे आली. ईजीटी (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान), ऑइल टेंपरेचर, ऑइल प्रेशर, व्हायब्रेशन, फ्यूएल फ्लो हे दोन्ही इंजिनांचे आकडे शेजारी शेजारी कागदावर लिहा आणि थोड्या थोड्या वेळाने परत लिहा, नुसतं बघितलं तर हळूहळू चढणारा आकडा नजरेतून सुटतो. केबिन क्रूला सांगा की खिडकीतून त्या इंजिनाकडे लक्ष ठेवा, दिवसा ज्वाळा पटकन दिसत नाही, धूर किंवा फुगलेला, काळा पडलेला रंग दिसतो का बघा. आणि सगळ्यात जवळचा विमानतळ किती मिनिटांवर आहे ते कायम माहीत हवं, इंदूरहून निघालात तर परत इंदूर, की भोपाळ, की वडोदरा.

दुसरी एक जरी खूण जुळली, वास, धूर, चढता ईजीटी, तर बेलची वाट बघू नका, आग आहे असं धरून चेकलिस्टप्रमाणे इंजिन बंद, हँडल, आग विझवणारी पहिली बॉटल, 30 सेकंद, दुसरी बॉटल. इथेच खरा घोळ आहे: एरवी हँडलचा दिवा विझला की आग विझली असं धरतात, पण डिटेक्टरच मेलेला असेल तर न लागलेल्या दिव्याला काहीच अर्थ नाही, म्हणून मेडे (रेडिओवरची संकटाची हाक) द्यायचा आणि उतरायचं. 19 ऑगस्ट 1980 ला रियाधहून निघालेल्या सौदिया 163 च्या क्रूने कार्गोतल्या धुराची वॉर्निंग खरी की खोटी हे ठरवण्यात चार-एक मिनिटं घालवली. विमान परत उतरलं, पण लगेच थांबून लोकांना बाहेर काढलं नाही, 301 माणसं गेली. हा आकडा मी प्रत्येक बॅचला सांगतो आणि दर वेळी जड जातं.

सेसना 172 वर शिकताय त्यांना तर डिटेक्टरच नाही, तुमचं नाक आणि डोळे हेच. हवेत आग लागली तर मिक्श्चर (इंजिनाला किती इंधन जायचं ते ठरवणारा दांडा) पूर्ण मागे, फ्यूएल शटऑफ, मास्टर ऑफ, केबिन हीट बंद, 100 नॉट्सचा ग्लाइड आणि शेत शोधा, इंजिन परत सुरू करायला जाऊ नका.

आणि आगीची यंत्रणा चालते का ते तपासायचा टेस्ट स्विच. सिम्युलेटरमध्ये मुलं तो अर्धा सेकंद टिचकी मारल्यासारखा दाबतात आणि हात पुढच्या स्विचवर जातो. बेल ऐकू येईपर्यंत, दोन्ही हँडल लाल झालेले स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत बोट तिथेच धरा. उतरल्यावर टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या वहीत) फक्त फॉल्ट आला असं लिहू नका, कुठला लूप, टेकऑफला की क्रूझला, आला आणि गेला की लागूनच राहिला, तेव्हाचे आकडे काय, हे सगळं लिहा, घासलेली वायर किंवा कनेक्टरमधलं पाणी इंजिनिअरला त्यावरूनच सापडतं.