व्हेंटिलेटरवरचा पेशंट पालथा करायचा तर कोणी कुठे उभं राहायचं

कोविडनंतर ‘प्रोनिंग’, म्हणजे पेशंटला पालथं करणं, हा शब्द नातेवाइकांनाही पाठ झालाय. तरी आयसीयूत नव्याने आलेल्या स्टाफला ते काम म्हणजे दोन मामा (वॉर्डबॉय) बोलवा आणि उलटवा, इतकंच वाटतं. मी इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी, एवढा खटाटोप कशासाठी? एआरडीएसमध्ये (फुप्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन कमी पडतो तो गंभीर आजार) पाठीकडचं फुप्फुस दबून जातं. पेशंट पालथा झाला की ते उघडायला लागतं. २०१३ साली फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. गंभीर पेशंटना दर वेळी सलग किमान १६ तास पालथं ठेवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के होते आणि उताण्या गटात जवळजवळ ३३ टक्के. हे आकडे कॉन्फरन्समध्ये सगळे सांगतात. पण त्या अभ्यासातल्या आयसीयूंना प्रोनिंगची पाच वर्षांहून जास्त सवय होती, हे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे.

आमच्याकडे सहा जण लागतात. डोक्याशी भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे डॉक्टर), त्यांच्या हातात ट्यूब, म्हणजे व्हेंटिलेटरची श्वासनलिकेत घातलेली नळी. दोन्ही बाजूंना दोन-दोन. सहावी व्यक्ती फक्त लाइन्स (शिरांतल्या आणि इतर नळ्या) आणि मॉनिटर बघते, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) मोठ्याने सांगत राहते. हुकूम डोक्याशी उभा असलेल्याचाच. मोठे सर कॉटशेजारी असले तरी त्या दोन मिनिटांत तेही गप्प. (हे सरांना आधीच, चहा पिताना सांगून ठेवावं. ऐन वेळी सांगायला गेलात तर वाजतं.)

काम वाटताना नाव घ्या. “कोणीतरी फोलीज बघा रे” म्हटलं की फोलीज (लघवीची नळी) कोणीच बघत नाही. “स्वाती, फोलीज आणि फीमोरल तुझ्याकडे” म्हणायचं (फीमोरल म्हणजे जांघेतल्या शिरेतली लाइन), आणि स्वातीने “माझ्याकडे” असं परत बोलायचं. कमरेच्या वरच्या लाइन्स डोक्याच्या दिशेने, खालच्या पायांच्या दिशेने. फीड आधीच थांबवून रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) अ‍ॅस्पिरेट केलेली, म्हणजे ओढून रिकामी केलेली हवी. सक्शन करून (ट्यूबमधला कफ ओढून) घ्या, ऑक्सिजन १०० टक्क्यांवर न्या, डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने बंद करा, जीभ तोंडात आहे ना ते बघा. ट्यूब ओठापाशी किती सेंटिमीटरवर आहे तो आकडा मोठ्याने वाचा, दुसऱ्याने तो लिहून घ्यावा. नॉरअ‍ॅडची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज संपत आली असेल तर आधी बदला. पेशंट अर्धा वळलेला असताना पंप बोंबलायला लागला, की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात आणि ट्यूबकडे कोणाचंच लक्ष राहत नाही.

मोजणीचं आधी ठरवून घ्या: ‘तीन’ म्हणताना हलायचं की तीन म्हणून झाल्यावर? ऐकायला पोरकट वाटतं, पण एका बाजूने लवकर ओढलं आणि दुसरी बाजू थांबून राहिली की ट्यूबला हिसका बसतो. आमच्याकडे ‘तीन’ म्हणताना हलतात.

छातीवर आणि ओटीपोटाशी उशा ठेवून वर दुसरी चादर घालायची. दोन्ही चादरींच्या कडा एकत्र घट्ट गुंडाळायच्या, म्हणजे धरायला मूठ मिळते. पहिल्या मोजणीला पेशंट व्हेंटिलेटरच्या विरुद्ध कडेला सरकवायचा. दुसऱ्या मोजणीला कुशीवर, तोंड व्हेंटिलेटरकडे. इथे थांबा. हात बदला, छातीवरचे इलेक्ट्रोड काढून पाठीवर लावा, ट्यूबचा आकडा पुन्हा वाचा. तिसऱ्या मोजणीला पालथा.

आता माझा सगळ्यात लाडका नियम. सहापैकी कोणीही “थांबा” म्हटलं की सगळे आहेत तिथेच थिजतात; का म्हणून विचारायचं ते नंतर. हा अधिकार मामांनाही असतो, किंबहुना त्यांना तो मुद्दाम द्यावा लागतो. युरोबॅग (लघवीची पिशवी) कॉटच्या रेलिंगला अडकलीय हे डॉक्टरांच्या आधी मामांना दिसतं, कारण ते तिथेच वाकलेले असतात. पण दहा वर्षं ‘हो साहेब’ म्हणायची सवय लागलेला माणूस आपणहून बोलणार नाही. म्हणून सुरू करण्याआधी मी त्यांनाच विचारते, “मामा, तुमच्या बाजूला सगळं मोकळं आहे ना?” एकदा उत्तर दिलेला माणूस दुसऱ्यांदा सहज बोलतो. थांबवणं विनाकारण निघालं तरी त्यांच्यावर कोणी हसायचं नाही, डॉक्टरांनी तर मुळीच नाही.

पालथा झाल्यावर लगेच पांगू नका. छातीला हवा दोन्हीकडे सारखी जातेय का, ट्यूब पिळलेली नाही ना, कान दुमडलेला नाही ना, हे बघूनच हात सोडा. डोकं दर दोन तासांनी दुसऱ्या बाजूला वळवायचं, आणि त्या वेळीही ट्यूबला स्वतंत्र माणूस हवा. बोर्डावर वेळेपुढे नावं लिहा. ओव्हर देताना (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना) ‘प्रोन आहे’ एवढ्यावर भागवू नका. किती वाजता केला, शेवटचं डोकं कधी वळवलं आणि रात्री अचानक उताणा करायची वेळ आली तर कोणाला हाक मारायची, हे पेशंटपाशी उभं राहून सांगा.

घाई नसेल तर आम्ही दुपारी चारच्या सुमारास पालथा करतो. सोळा तास सकाळी आठला भरतात, तेव्हा नाईट आणि मॉर्निंग दोन्हीची माणसं हजर असतात. पेशंट ढासळत असेल तर अर्थातच घड्याळ बघायचं नाही.

भेटीच्या वेळेआधी नातेवाइकांना एकानेच नीट सांगावं, की चेहरा सुजलेला दिसेल आणि सरळ केल्यावर सूज हळूहळू उतरेल. डॉक्टरांनी एक आणि सिस्टरने दुसरं सांगितलं, की पुढचा तासभर सगळे दारातच उभे असतात.