बचत गटाचा हिशेब बैठकीतच मिटवा

बचत गट मोडायला पैसा बुडावाच लागतो असं नाही. ‘माझे किती जमले?’ या प्रश्नाला दोन बैठका उत्तर मिळालं नाही, की कुजबुज सुरू होते आणि तिसऱ्या बैठकीला निम्म्याच बायका येतात. म्हणून गट काढताना नाव आणि अध्यक्ष ठरवण्याआधी हिशेब कसा ठेवायचा ते ठरवा.

‘उमेद’च्या, म्हणजे महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान राबवणाऱ्या संस्थेच्या, पद्धतीत गट १० ते २० जणींचा असतो, दुर्गम भागात किंवा अपंगांच्या गटाला ५ सदस्यही चालतात. एकाच वस्तीतल्या बायका घ्या, नाहीतर पावसाळ्यात बैठका चुकतात. बचतीची रक्कम सर्वांत अडचणीतल्या बाईला विचारून ठरवा. आठवड्याला ५० रुपये धरले तर १२ जणींचे ६०० होतात, वर्षाचे ३१,२००. पहिल्याच महिन्यात १०० ठरवून पेरणीच्या दिवसांत थकबाकी वाढवण्यापेक्षा हे बरं.

वह्या चार लागतात: इतिवृत्ताची वही (बैठकीत काय ठरलं ते), रोजकीर्द (रोजचा जमा-खर्च), बचत-कर्जाची खतावणी (प्रत्येकीच्या नावाचं वेगळं खातं) आणि प्रत्येकीचं वैयक्तिक पासबुक. पासबुक तिच्या घरी राहिलं पाहिजे. सगळी पासबुकं सचिवाच्या पिशवीत असतील तर त्यांचा काहीच उपयोग नाही. खतावणीतली चूक पकडणारा तेवढाच एक कागद असतो.

आता बैठक. बचत दर आठवड्याला, कर्जाचा हप्ता महिन्यातल्या एका ठरलेल्या बैठकीत. समजा पेटीत आधीचे ३४० रुपये आहेत. आज ११ जणींनी ५५० दिले, एकीने मागच्या आठवड्याची राहिलेली बचत ५० रुपये भरली. तिघींचे मुद्दलाचे हप्ते १,५००, व्याज १३५, उशिराचा दंड १०. एकूण २,५८५. त्यातून एकीला २,००० चं कर्ज दिलं, तर पेटीत ५८५ उरायला हवेत. नोटा सगळ्यांसमोर मोजा, ५८५ हा आकडा मोठ्याने वाचा, इतिवृत्तात लिहा आणि मगच सह्या-अंगठे घ्या. आकडा जुळला नाही तर कुणी उठायचं नाही. दहा-वीस रुपयांचा फरक ‘जाऊ दे’ म्हणून खिशातून भरणारी सचिव भली असते, पण त्याने चूक तशीच वहीत राहते. घरी कच्च्या कागदावर लिहून नेऊन महिनाअखेरीला वही भरणं हीच बहुतेक गोंधळांची सुरुवात. लिहिणारी दुसऱ्या गावाहून येत असेल तर गटातल्या दोघींना रोजकीर्द शिकवून ठेवा. चौथी पास बाई हे आरामात करते.

वरचे १३५ कसे आले? तिघींनी प्रत्येकी ५,००० घेतले आहेत, महिना १ टक्का, ५०० चा हप्ता. एकीचं मुद्दल ५,००० शिल्लक आहे, दुसरीचं ४,५००, तिसरीचं ४,०००. म्हणजे ५०, ४५ आणि ४०. व्याज नेहमी शिल्लक मुद्दलावर लावा. दहा हप्त्यांत एकीचं व्याज २७५ होतं. मूळ रकमेवरच दर महिन्याला ५० घेत राहिलात तर तेच ५०० होतं. हा फरक बायकांच्या लवकर लक्षात येतो, आणि मग परतफेडही थंडावते.

बँकेत बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी (ओळख-पत्त्याची कागदपत्रं) लागत नाही, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पदाधिकाऱ्यांची पुरते. शाखेत वेगळं सांगितलं तर हा नियम शांतपणे दाखवा. पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपवर आगाऊ सह्या करून ठेवू नका, कितीही घाई असली तरी.

बँकेचं कर्ज मागायला गट किमान सहा महिने नियमित चाललेला लागतो. हे सहा महिने गटाच्या वह्यांवरून मोजायचे असतात, खातं उघडल्याच्या तारखेवरून नव्हे; खातं उशिरा उघडलं असेल तर वह्याच कामी येतात. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि त्यासाठी बँकेने गटाचं बचत खातं अडवून धरायचं नसतं.

कर्ज मिळालं की ‘सगळ्यांना सारखं वाटू’ हा ठराव हमखास येतो. तो टाळा. गरज नसलेली बाई आपला वाटा जावेला किंवा शेजारणीला देते, हप्ता थकला की बँकेच्या लेखी थकबाकीदार मात्र अख्खा गट. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, शाळेची फी, कारण आणि रक्कम इतिवृत्तात नावानिशी लिहा. गटाचा हप्ता भरायला कुणी मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतंय असं कळलं, तर दंड लावू नका. हप्ता लहान करून मुदत वाढवा.

सदस्य गट सोडते तेव्हा काय, हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा. तिची बचत २,६०० आणि कर्ज १,५०० बाकी असेल तर १,१०० परत द्यायचे. साठलेल्या व्याजातला वाटा द्यायचा की नाही, हे भांडणाच्या दिवशी ठरत नसतं. दिवाळीला सगळी बचत वाटून घेण्याची सवयही भिशीतून येते. भिशीत ते ठीक, तिचा फेरा संपलेला असतो. गटाने पेटी रिकामी केली तर पुढच्या महिन्यात अंतर्गत कर्ज द्यायला पैसा नसतो आणि बँकेला दाखवायला शिल्लक नसते. वाटायचंच असेल तर वर्षाच्या व्याजातला काही भाग वाटा, बचतीला हात लावू नका.