न्यूट्रॉन ताऱ्याच्या लाइट कर्व्हमध्ये खोटा आवर्तकाल: या चुका टाळा

हर्क्युलिस एक्स-1 मधला न्यूट्रॉन तारा 1.24 सेकंदांत स्वतःभोवती फिरतो आणि जोडीदारासोबतची प्रदक्षिणा 1.7 दिवसांत पुरी करतो. याखेरीज त्याची क्ष-किरण चमक साधारण 35 दिवसांनी वरखाली होते, कारण भोवतीची वाकडी तबकडी डुलत डुलत त्याला झाकते. लाइट कर्व्हमध्ये, म्हणजे काळानुसार चमकेच्या आलेखात, असे चढउतार शोधायला निरभ्र आकाश लागत नाही. मुंबईत भर जुलैतही लॅपटॉपवर काम होतं. मॅक्सी (2009 पासून, 2–20 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) आणि स्विफ्ट उपग्रहावरचा बॅट (15–50) या क्ष-किरण टेहळणी यंत्रांची रोजची मोजमापं सर्वांना खुली आहेत. प्रकल्प करणारे विद्यार्थी अडकतात ते पुढच्याच पायरीवर.

मॅक्सीच्या डेटाच्या पीरिओडोग्राममध्ये (कोणता आवर्तकाल किती ठळक ते दाखवणाऱ्या आलेखात) 70 दिवसांच्या आसपास शिखर दिसलं तर लगेच हुरळून जाऊ नका. मॅक्सी अंतराळ स्थानकावर बसवलेलं आहे आणि स्थानकाच्या कक्षेचं प्रतल सुमारे 70–72 दिवसांत एक फेरा पूर्ण करतं. त्याबरोबर निरीक्षणातली खिंडारं आणि पार्श्वभूमीही बदलते. वर्षभराच्या शिखरामागे बहुधा सूर्य असतो. पडताळा सोपा आहे: वेळा त्याच ठेवा, सगळी मूल्यं 1 करा आणि पीरिओडोग्राम काढा. मात्र सरासरी वजा करणारा (center_data) आणि सरासरी जुळवणारा (fit_mean) हे दोन्ही पर्याय आधी बंद करा (ॲस्ट्रोपाय या पायथन लायब्ररीत ते आपोआप चालू असतात), नाहीतर हाती शून्यच येईल. शिवाय जवळपास स्थिर चमक असलेल्या खेकडा तेजोमेघाचा डेटा त्याच कोडमधून काढा. शिखर तिथेही आलं तर ते ताऱ्याचं नाही.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. मंद अवस्थेत बॅटचा एखादा बिंदू -0.0004 ± 0.0010 असा येतो आणि ‘ऋण चमक कशी असेल?’ म्हणून तो उडवला जातो. मग मंद अवस्थेची सरासरी वर चढते आणि चढउताराची उंची घटते. ‘फक्त 3 सिग्मावरचे बिंदू’ (म्हणजे मूल्य स्वतःच्या त्रुटीच्या तिपटीहून जास्त) ही चाळणीही तेच करते. चाळायचंच असेल तर मोजमापाच्या त्रुटीवरून (± नंतरच्या आकड्यावरून) चाळा: ज्यांची त्रुटी मध्यक त्रुटीच्या तिपटीहून जास्त आहे ते बिंदू काढून टाका, मूल्य काहीही असो.

पीरिओडोग्रामसोबत येणारी ‘खोट्या शिखराची शक्यता’ सफेद गोंगाट (सगळ्या कालावधींवर सारखाच) गृहीत धरते. या ताऱ्यांचा गोंगाट तांबडा असतो, म्हणजे लांब कालावधीकडे आपोआप फुगतो. गोंगाटाच्या त्याच उताराचे, त्याच वेळांचे, तीच खिंडारं असलेले निदान काही हजार कृत्रिम लाइट कर्व्ह बनवा. प्रत्येक वक्र दसपट लांब बनवून त्यातला तुकडा कापा. 1200 दिवसांच्या डेटात 300 दिवसांचा आवर्तकाल, म्हणजे जेमतेम चार फेरे, आम्ही तरी मान्य करणार नाही.

एसएमसी एक्स-1 या दुसऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा दीर्घ आवर्तकाल साधारण 40 ते 65 दिवसांत सरकत राहतो. सगळा डेटा एकाच आवर्तकालावर घडी घातला (सगळे फेरे एकावर एक ठेवले) की आकार पुसट होतो. 500 दिवसांची खिडकी 50-50 दिवसांनी सरकवत पीरिओडोग्राम काढा. ग्रहणाचे (जोडीदार ताऱ्याला झाकतो तेव्हाचे) बिंदू आधीच वगळा, आणि एमजेडी (सुधारित ज्युलियन दिनांक) म्हणजे जेडी (ज्युलियन दिनांक) वजा 2400000.5 हे विसरू नका. त्या अर्ध्या दिवसात हर्क्युलिस एक्स-1 ची कक्षीय कला (प्रदक्षिणेतलं स्थान, 0 ते 1) जवळपास 0.3 ने चुकते.

ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या, कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये घडलेल्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाचा हर्क्युलिस एक्स-1 चा डेटा घेणार असाल, तर निरीक्षण 35 दिवसांच्या चक्रात कुठे पडतं ते बॅटवरून आधी बघा. मुख्य तेजस्वी टप्पा दहा-अकरा दिवसांचाच असतो. त्याबाहेर स्पंदनं क्षीण होतात, आणि दोष कोडला दिला जातो.